फिटनेसचा कागद

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि उद्धवराव जठारपेठेतल्या आपल्या घरात, टॉवेल गुंडाळून, फरशीवर बॅटरीचे सेल निवडत बसले होते. चालू सेल एकीकडे, संपलेले दुसरीकडे. नऊ वाजता त्यांना बसनं अडीच तासांवरच्या अमरावतीच्या दवाखान्यात पोचायचं होतं. त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी कालच तिथं भरती झाल्या होत्या, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हवा असलेला फिटनेसचा कागद उद्धवरावांकडे होता. निदान पहाटेपर्यंत तरी होता.

आळस म्हणाल तर तो त्यांच्यात नव्हता. पाचलाच उठले, कागद निळ्या फायलीत घातला, फाईल काखेत धरली, तेवढ्यात दूध उतू गेलं. ते आवरून ठेवलं, ओटा पुसायला फडकं आणायला गेले तर तुळस सुकलेली दिसली. तिला पाणी घालताना आंघोळीची बादली आठवली, बादली लावताना लाईट गेली, टॉर्च काढली तर ती लागेना. सेलसाठी खण उघडला तो उघडाच राहिला. लाईट केव्हाच आली होती. भूगोलाच्या या मास्तरांना महाराष्ट्रातल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे झोपेतही सांगता येत. पण आंघोळ, कपडे, चप्पल हा क्रम लावायला सव्वीस वर्षं चारुशीलाबाई होत्या.

घड्याळाकडे लक्ष गेलं आणि ते फाईल शोधायला धावले. फाईल कुठंच नव्हती. कपाट झालं, गादीखाली झालं, देव्हाऱ्यामागेही पाहून झालं. चारुशीलाबाई हिरव्या गाऊनमध्ये पडून आहेत आणि डॉक्टर हातमोजे काढून घरी चालले आहेत, असं त्यांना दिसू लागलं. उभं राहावं की बसावं, हेही ठरेना. शेवटी त्यांनी भाचीला, इशिताला, फोन लावला. ती अमरावतीला, शिकताना अडखळणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची.

"मले काहीच सुचून नाही राहिलं," ते म्हणाले.

इशिता रागावली नाही. "मामा, फाईल शोधू नका. पँट घाला. घातली की सांगा."

पँट झाली, शर्ट झाला. प्रत्येक वेळी ती एवढंच म्हणे, "झालं? आता पुढचं." घाबरलं की डोक्यातलं उरलंसुरलं सुचणंही बंद पडतं, म्हणून एका वेळी एकच, असं तिनं समजावलं. मग विचारलं, "फाईल काखेत असताना हातात काय होतं?"

उद्धवराव आठवत राहिले. दूध. फ्रीज उघडला, तर दुधाच्या पातेल्याखाली फाईल गारठून पडली होती.

कुलूप, चप्पल, ऑटो, स्टँड, सगळं इशितानं फोनवरच करवून घेतलं. बसमध्ये त्यांनी फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरली. मूर्तिजापूरला सगळे चहाला उतरले. हे हलले नाहीत. उशीर झाला म्हणून काय काय होऊ शकतं, याची यादी मात्र डोक्यात बिनचूक क्रमानं लागत गेली.

साडेबाराला ते धापा टाकत वॉर्डात शिरले. चारुशीलाबाई खाटेवर बसून वेणी घालत होत्या. ऑपरेशन दोनला आहे, त्या म्हणाल्या.

"मंग नऊ काहून सांगतलं?"

"दोन सांगतलं असतं तर तुमी उद्या आले असते."

राग यायला हवा होता, आलं रडू. चारुशीलाबाईंनी त्यांना रडू दिलं, आणि आत नेण्याआधी एक चिठ्ठी हातात ठेवली. दोन वाजता खुर्चीवर बसणे. अडीचला चहा. तीनला इशिताला फोन. साडेतीनला मी बाहेर येईन.

उद्धवरावांनी चिठ्ठी अक्षरशः पाळली. साडेतीन वाजले. दार उघडलं नाही. चिठ्ठीत पुढं काहीच नव्हतं. त्यांनी ती उलटून पाहिली; मागची बाजू कोरी होती. त्या कोऱ्या कागदाची त्यांना जेवढी भीती वाटली, तेवढी सकाळपासून कशाचीच वाटली नव्हती. पुढची वीस मिनिटं ते दाराला डोळे लावून, जागचे न हलता बसून राहिले.

मग स्ट्रेचर बाहेर आलं. सगळं नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले.

चारुशीलाबाई अर्धवट गुंगीत होत्या. "किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"चारले दहा कमी. वीस मिनिटं उशीर केला तू," उद्धवराव म्हणाले.

चारुशीलाबाईंनी डोळे न उघडता, लग्नानंतर पहिल्यांदाच, नवऱ्याला उशिराचं कारण दिलं, तेही त्यांचंच नेहमीचं.

"निघतानाच उशीर झाला."