सासऱ्यांची बंदूक कण्हते

तुम्हाला म्हणून सांगतो, बंदूक या विषयावर मला शहाणपण शिकवील असा माणूस इंग्लंडातल्या वॉशच्या खाडीकाठी अजून जन्मलेला नाही! असं मी शुक्रवारी थर्लबीच्या दुकानात चारचौघांसमोर छाती फुगवून म्हणालो. आणि शनिवारी सकाळी मी मांडीभर चिखलात उभा राहून मेलेल्या सासऱ्यांची हात जोडून माफी मागत होतो.

ती बंदूक माझ्या सासऱ्यांची, एनॉक यांची. जुनी दुनळी, अक्रोडाचा दस्ता, नळ्या काळ्याभोर. हयातीत त्यांनी मला तिला बोटसुद्धा लावू दिलं नाही. मागितली की म्हणायचे, "हॉरेस, पोरगी दिली तेवढी बास!" ते वारल्यावर सासूबाईंनी, हेस्टरबाईंनी, ती स्वतःच्या हातांनी माझ्याकडे दिली.

"वापर," त्या म्हणाल्या. "पण जपून. त्याचा जीव होता तिच्यात."

हे वाक्य मी तेव्हा सहज घेतलं. चूक झाली.

झालं असं, की त्याच साली रानबदकांवर शिशाचे छर्रे मारायला बंदी आली. दलदलीत पडलेलं शिसं पाखरं खडे समजून गिळतात आणि मरतात. बंदी योग्यच होती, माझं काही म्हणणं नाही. शिसं नाही तर पोलाद! म्हणून मी पोलादी छर्ऱ्यांची काडतुसं घ्यायला थर्लबीकडे गेलो. थर्लबी बंदुका दुरुस्त करतो, विकतो आणि गिऱ्हाइकाला टोमणे फुकट देतो.

"कुठल्या बंदुकीला?" त्यानं विचारलं.

"एनॉकच्या."

त्याचा हात पेटीवरच थबकला. "तिच्यात तू पोलाद घालणार?"

"का? छर्रे ते छर्रे!"

"त्या नळ्या तोंडाशी आतून आवळलेल्या आहेत. त्याला चोक म्हणतात, तुला माहीत असेलच म्हणा! एनॉकला लांबचं मारायची हौस, म्हणून दोन्ही नळ्या पार घट्ट. आणि नव्या बंदुकीसारखा तो फिरवून काढता येत नाही, नळीतच घडवलेला आहे. शिसं मऊ, लोण्यासारखं. चेपलं की निमूट चेपतं. पोलाद म्हणजे तुझा मेहुणा क्लेम. दारात अडकला तर चौकट घेऊन आत येईल!"

क्लेम माझ्या शेजारीच उभा होता. तो खरंच दारात तिरका होऊन आला होता. 

"बंदूक इथे आण," थर्लबी म्हणाला. "नळ्या मोजू दे. काडतूस बसतं ती कोठी पुरेशी लांब आहे का बघू दे. पोलाद सोसेल अशी निघाली, तर तोंडं थोडी मोकळी करून देतो. नाही निघाली, तर पोलादाचं नाव काढू नकोस. तोवर हे बिस्मथ धातूचे छर्रे घेऊन जा. शिशासारखे मऊ असतात, म्हाताऱ्या बंदुकीला मानवतात."

इथेच मी ते छाती फुगवून बोललो. थर्लबीनं पोलादाची पेटी फळीवर परत ठेवली आणि मला पाठ दाखवली. म्हटलं, राहिलं! क्लेमची बंदूक नवीकोरी, तो पोलादच वापरायचा. त्याच्या खिशातून मूठभर काडतुसं घेतली की काम झालं.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला आम्ही दोघं बांध ओलांडून खारवट दलदलीत उतरलो. निघताना बायकोनं, विनीनं, माझ्या पिशवीत होकायंत्र घातलं होतं. पण पिशवीत ते आणि डुकराचं मांस भरलेली जाडजूड पाई, दोन्ही बसेनात. मी होकायंत्र काढून ठेवलं! या दलदलीत मी डोळे बांधूनही फिरेन, असा माझा तेव्हा समज होता.

सकाळ विचित्र होती. जमिनीकडून थंडगार झुळूक येत होती. चिखलाला मेलेल्या माणसाच्या कपाळासारखा रंग होता. एरवी केवढा कलकलाट असतो पाखरांचा! त्या दिवशी एकही आवाज नाही. क्लेम पुटपुटला, "बाबांना पुरलं त्या दिवशीही अशीच गप्प होती बघ ही जागा."

"गप्प बस रे!"

तेवढ्यात बदकांची एक जोडी डोक्यावरून गेली. मी बंदूक उचलली आणि उजवी, डावी, दोन्ही नळ्या झाडल्या. खांद्याला असा दणका बसला की दाढा वाजल्या. आवाजही नेहमीचा नाही. 'धाड' च्या शेपटाला एक बारीकसा 'टण्ण' होता, कुणी थडग्यावर नाणं आपटावं तसा. बदकं मजेत निघून गेली.

मी बंदूक बिजागरीत दुमडून उघडली, रिकाम्या पुंगळ्या काढल्या, तशीच उघडी हातावर टाकली आणि बांधाकडे तोंड वळवलं.

"ऊऊऊऽऽऽ..."

क्लेम माझ्याकडे बघायला लागला. मी क्लेमकडे.

"तू केलंस?"

"मी कशाला करू? तू?"

"ऊऊऊऽऽहंऽऽ..."

हे माणसाचं कण्हणं होतं! छातीत कफ दाटलेल्या, रागावलेल्या म्हाताऱ्या माणसाचं. आणि अगदी जवळून, कानाशी. मी गर्रकन मागे फिरलो. आवाज बंद! मागे कुणी नाही. फक्त ओहोळांमधून धुकं वर चढत होतं. बघता बघता बांध दिसेना, ओहोळ दिसेना, चार हातांवरचा क्लेमसुद्धा नुसता एक जाडसर डाग झाला.

"हॉरेस," तो डाग म्हणाला, "बाबांचा आवाज होता तो."

"वेडा आहेस का?"

"शेवटच्या आजारात ते अस्सेच कण्हायचे. मी उशाशी बसायचो, मला नको सांगूस! तू त्यांच्या बंदुकीत पोलाद घातलंस!"

"काडतुसं तुझी होती!"

"हात तुझा होता!" मग धुक्याकडे तोंड करून तो मोठ्यानं ओरडला, "बाबा, हात हॉरेसचा होता हो!"

सख्ख्या मेहुण्यानं मेलेल्या बापापुढे माझं नाव घेऊन चुगली केली! पण भांडायला वेळ नव्हता. आम्ही घराच्या दिशेनं चार पावलं टाकली की पुन्हा ते "ऊऊऊऽऽ". घाबरून उलटे पळालो की शांतता. परत वळलो, परत कण्हणं. जणू सासरे आमच्या आणि घराच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभे होते आणि म्हणत होते, इकडे यायचं नाही!

"ते आपल्याला घरी सोडत नाहीयेत," क्लेम रडकुंडीला आला.

"मग वळसा घालू."

वळसा घातला. डावीकडे गेलो, कण्हणं हळू झालं. अजून वळलो, थांबलं. हायसं वाटलं! शांततेच्या दिशेनं आम्ही झपाझप चालत सुटलो. धुकं इतकं दाट की स्वतःचे बूट दिसेनात. बरंच चाललो आणि मला बूट ऐकू यायला लागले. चबक, चबक.

"क्लेम, इथे पाणी कुठून आलं?"

तो थांबला. आम्ही दोघांनी कान दिले. सगळीकडून, अगदी हळू, कुणी दुधाची साय ओरपावी तसा आवाज येत होता. सुऽऽऽ. आमच्याकडचं कुठलंही पोर हा आवाज झोपेतसुद्धा ओळखतं. भरती! ओहोळ भरत होते. आम्ही शांततेच्या मागे लागून नीट समुद्राकडे चालत आलो होतो.

आता मात्र थट्टा संपली. या दलदलीत भरतीनं धरलेली माणसं मला नावानिशी ठाऊक आहेत, त्यांतल्या दोघांच्या शवपेटीला मी खांदा दिलाय. पाणी नडगीला लागलं. क्लेमनं माझी बाही धरली. 

"कुठे जायचं रे, हॉरेस?"

मी वळलो. अंगावर झुळूक आली आणि हातभर अंतरावरून सासरे कण्हले. "ऊऊऊऽऽऽ."

डोक्यात काहीतरी लख्ख झालं म्हणता? छे! माझ्या डोक्यात फक्त भीती होती. पण त्यातल्या त्यात हिशेब केला. एकीकडे पाणी, दुसरीकडे सासरे. पाण्याला दयामाया नसते. सासऱ्यांनी, कितीही झालं तरी, पोरगी दिली होती.

"सासऱ्यांकडे," मी म्हणालो.

"तू पुढे हो. तुझ्यावर राग आहे त्यांचा."

आणि आम्ही त्या कण्हण्यात शिरलो. आवाज कमी झाला की दिशा बदलायची, पुन्हा मोठा झाला की तिकडे चालायचं. मी सारखा बोलत होतो, "चुकलो! थर्लबीचं ऐकायला हवं होतं! विनीशी नीट वागेन!" एका ओहोळात पाणी मांडीपर्यंत आलं. मी तिथेच रुतलो, बंदूक डोक्यावर धरून हात जोडले. डोक्यावर धरल्यावर तर सासरे बैलासारखे हंबरले! त्या दचक्यानंच माझा पाय सुटला. क्लेमनं पलीकडून मानगूट धरून ओढलं आणि हाताला गवत लागलं. बांधाचं गवत! आम्ही रांगत वर चढलो.

बांधावर धुक्यात कुणीतरी उभं होतं. शाल घेतलेलं, वाकलेलं, अगदी स्थिर.  मी बंदूक हातावर घेऊन तसाच गोठलो. बंदुकीवरून वारा गेला आणि ती लांबलचक कण्हली.

ती आकृती दोन पावलं पुढे आली.

"एनॉक?" आवाज कापरा होता, पण घाबरलेला नव्हता. "आलास? ये रे. पण पाय पुसून ये, आत्ताच फरशी धुतलीय."

सासूबाई!

त्या रोज सकाळी बांधावर येऊन उभ्या राहतात, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी आम्हाला, डोक्यापासून पायापर्यंत चिखल झालेल्या दोघांना, जवळून निरखलं. एवढ्याशा चेहऱ्यावरचा उजेड हळूच मावळला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "तुम्हीच होय."

मरता मरता वाचलेल्या जावयाचं आणि पोटच्या पोराचं इतकं थंड स्वागत इंग्लंडात कुणी केलं नसेल!

त्यांनीच बंदूक माझ्या हातातून घेतली. अंगठा नळीवरून तोंडाकडे नेला आणि थांबल्या. मीही चाचपून बघितलं. दोन्ही नळ्यांना, तोंडाच्या अलीकडे, अंगठीसारखा फुगवटा आला होता. त्या फुगवट्यानं दोन नळ्यांमधली पट्टी उचकटली होती, आणि तिच्या फटीतून वारा शिरला की ती कण्हत होती. वारा जमिनीकडून. म्हणून घराकडे तोंड केलं की सासरे बोलत, आणि समुद्राकडे वळलो की माझ्या अंगाचा आडोसा होऊन गप्प बसत.

थर्लबीनं सोमवारी प्रत्येक नळी बुडापासून तोंडापर्यंत बघितली. "नशीब फुगली," तो म्हणाला. "फाटली असती तर डावा हात गेला होता तुझा." एवढंच. एरवी फुकट मिळणारा टोमणाही दिला नाही. तेव्हाच मला खरी धडकी भरली.

आता ती झाडण्याच्या कामाची नव्हती. कायद्यानं घरात ठेवायची तर पुरती निकामी करायला हवी, म्हणून नळ्यांना खाचा पाडून घेतल्या. मी थर्लबीला हळूच सांगितलं, ती पट्टीही डाख देऊन बसवून टाक, आवाज नको. तर सासूबाई माझ्यावर अशा कडाडल्या, "पट्टीला हात लावशील तर बघ!"

त्यांनी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगली आहे. खाचांमुळे आता ती दोन सुरांत कण्हते, एक खालचा आणि एक वरचा. जमिनीकडून वारा सुटला की सासूबाई खिडकी उघडतात, चहाचा कप घेऊन खुर्ची ओढतात. आणि त्या वेळी मी चुकून दारात डोकावलो, की मान न वळवता म्हणतात, "दार लाव रे हॉरेस. आम्ही तुझ्याबद्दलच बोलतोय."