मान की सगळं अंग

"नुसती मान, की सगळं अंग?" नोलाने विचारलं, आणि वर्लिन हॅगस्टॅड तिच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरपाशी गोंधळून उभा राहिला. त्याने जन्मभर माँटानाच्या रस्त्यांवरचा बर्फ हटवणारा ट्रक चालवला होता. त्या ट्रकला एकच पातं होतं. ते खाली केलं की बर्फ बाजूला व्हायचा. निवड करण्याची सवय त्याला लागलीच नव्हती.

भानगड सुरू झाली होती जेवणाच्या टेबलावर. त्याची बायको आर्डिस सहज बोलल्यासारखी म्हणाली होती, की तिच्या वडिलांची रायफल यंदा भिंतीवरच राहील. .२५७ रॉबर्ट्सची काडतुसं हल्ली कुठेच मिळत नाहीत, डब्यात चारदोन उरलीत, तेव्हा एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीला ती आपल्या भावाची, डेलची बंदूक मागून आणेल. हे ऐकून वर्लिनने काटा खाली ठेवला. डेलने एकदा शिडी उसनी दिली होती, तर प्रत्येक नाताळात त्या शिडीचा उपकार टर्कीच्या आधी टेबलावर यायचा. आणि बायकोला वडिलांच्या त्या रायफलीचा केवढा जिव्हाळा. वर्लिनने मनाशी ठरवलं, आर्डिसने जपून ठेवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरायच्या आणि मोसम उघडायच्या आत तिला चकित करायचं. दाब द्यायचा प्रेस त्याला एका जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाला. राहिली होती ती फक्त डाय, म्हणजे गोळी झाडल्यावर फुगलेली पुंगळी दाबून पुन्हा आकारात आणणारा पोलादी साचा.

नोलाने समजावून सांगितलं. एक डाय पुंगळीची नुसती मान आवळते, दुसरी तिला मानेपासून बुडापर्यंत रगडते.

शेगडीपाशी ऑरिन आणि क्लीट कॉफी पीत बसले होते. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. रोज सकाळी काहीतरी घ्यायला म्हणून यायचे, पण त्यांना काही घेताना कोणी पाहिलं नव्हतं.

"नुसती मान," ऑरिन म्हणाला. "ज्या बंदुकीतून निघाली त्याच बंदुकीत परत जायचीय. बिचारीचं सगळं अंग कशाला रगडायचं?"

"घे, घे मान," क्लीट म्हणाला. "मग थंडीत समोर एल्क उभा असेल आणि पुंगळी आत जायला नाही म्हणेल, तेव्हा ऑरिनला हाक मार."

ऑरिनने क्लीटच्या हातून निसटलेल्या एल्कची आठवण काढली. क्लीटने ऑरिनने एल्क समजून मारलेल्या बैलाची काढली. बैलापर्यंत गोष्ट गेली तेव्हा ऑरिन आपला कप उचलून मासेमारीच्या सामानाकडे जाऊन बसला. वर्लिनला भांडणं सोसवत नसत. दोघांचाही मान राहावा म्हणून त्याने दोन्ही डाय घेतल्या, आणि त्याच्या हातात दुसऱ्याची डाय बघून दोघंही त्याच्यावर उखडले. नोलाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि डाय पिशवीत घातल्या.

घरी वर्लिन तळघरात उतरला. पाणी तापवायची टाकी बिघडलीय, असं त्याने आर्डिसला सांगितलं. आधी मानेची डाय लावली. पुंगळी अर्ध्यात थांबली. आपला जोर कमी पडला असेल म्हणून त्याने सगळ्या अंगाची लावली. पुंगळीला काहीतरी ओशट लावावं लागतं, एवढं त्याला माहीत होतं. पण ते आणायचं राहिलं होतं. म्हणून त्याने आर्डिसचं हाताला लावायचं गुलाबी क्रीम पळवलं. दांडा अर्ध्यावर अडला. वर्लिन दांड्यावर जवळजवळ लोंबकळला. दांडा खाली गेला, पण वर येताना पुंगळीच्या बुडाचा तुकडा तेवढा घेऊन आला. पुंगळी डायच्या पोटातच राहिली.

त्याने हळूच ऑरिनला फोन केला. सगळं अंग रगडायला गेलं की असंच होतं, असं ऑरिनने बजावलं. मग क्लीटला केला. क्लीट म्हणाला, चूक डायची नाही, क्रीमची कंजुषी नडली, आता ती डाय फ्रीझरमध्ये ठेव, पितळ आकसलं की पुंगळी आपसूक सुटेल. वर्लिनने क्रीमने माखलेली डाय मटारच्या पिशवीखाली सरकवली.

या दोन फोनांनी गावात मानवाले आणि अंगवाले असे दोन तट पडले. चर्चच्या जेवणासाठी बायका बटाट्याच्या पोळ्या, म्हणजे लेफ्से, करायला जमल्या होत्या. लाटायला क्लीटची बायको, भाजायला ऑरिनची. ऑरिनच्या बायकोने क्लीटच्या बायकोने लाटलेली पोळी तव्यावर घ्यायचं साफ नाकारलं. स्वयंपाकघर आर्डिसच्या हाताखाली होतं. झालंय काय, असं तिने विचारलं, तर दोघींनी एकाच सुरात सांगितलं, "तुझ्या नवऱ्याला विचार."

आर्डिस घरी आली ती लाटलेल्या, न भाजलेल्या पोळ्यांची चळत घेऊन. ती ठेवायला तिने फ्रीझर उघडला.

"वर्लिन, मटारखाली हे काय आहे?"

"टाकीचा भाग आहे."

"टाकीला माझं क्रीम लावतात?"

मग वर्लिनला सगळं सांगावं लागलं. आर्डिसने ती गार डाय हातात फिरवून बघितली आणि तळघराच्या पायरीवर बसली. ती रायफल मुळात .२५७ रॉबर्ट्स राहिलीच नव्हती, असं ती म्हणाली. तिच्या वडिलांनी तरुणपणी, पुंगळी फुगून तिच्यात दारू जरा जास्त मावावी म्हणून, काडतूस बसतं ती जागा कोरून रुंद करून घेतली होती. नळीवरचा मापाचा छाप मात्र जुनाच राहिला. साधं काडतूस तिच्यात उडतं, पण पुंगळी बाहेर येते ती वेगळ्याच अंगाची, रुंद खांद्यांची. या दोन्ही डायमध्ये ती मावणारच नव्हती.

वर्लिनचा चेहरा खुलला. "मग सोपं झालं. त्या मापाची डाय नोला मागवून देईल." आणि तो फोनकडे वळला.

"फोन ठेव," आर्डिस म्हणाली.

तिने नवी रायफल घेतली होती. हलकी, तिच्या मापाची. नोलाच्या दुकानात मागच्या खोलीत ठेवलेली होती. काडतुसं मिळत नाहीत हे निमित्त होतं, आणि डेलचं नाव मध्ये घेतलं होतं ते नवऱ्याने स्वतःहूनच म्हणावं म्हणून, की त्यापेक्षा नवी घे.

"ती बंदूक बाबांच्या लांब हातांची आहे," ती म्हणाली. "दर गोळीला माझ्या गालावर फाटकन बसते. डेलला तेव्हा नको होती म्हणून माझ्या गळ्यात आली."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू प्रत्येक पाहुण्याला भिंतीपाशी नेऊन तिची गोष्ट सांगायचास. म्हटलं, याला एवढं कौतुक आहे, कशाला मन मोडा."

"मी कौतुक करायचो ते तुला बरं वाटावं म्हणून," वर्लिन म्हणाला. "मला ती पहिल्या दिवसापासून कुरूप वाटते."

आर्डिस हसू लागली ती थांबेचना.

गावातला तंटाही निवळला. मापच चुकलं होतं हे कळल्यावर, मला आधीपासून शंका होतीच, असं ऑरिन आणि क्लीट या दोघांनीही सांगितलं. मग आर्डिसच्या बापाने चांगल्या बंदुकीचं वाटोळं केलं यावर त्यांचं एकमत झालं आणि त्या एकमतात दोघं पुन्हा शेगडीपाशी बसले. आधी का बोलली नाहीस, असं वर्लिनने नोलाला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, की एका गिऱ्हाइकाचं गुपित फोडता येत नाही आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला माल नाही म्हणता येत नाही.

मोसम उघडला त्या पहाटे आर्डिसच्या खांद्यावर नवी रायफल होती. वर्लिनच्या खांद्यावर ती कुरूप. उरलेली काडतुसं संपवायची आणि मग ती डेलला देऊन टाकायची, असं ठरलं होतं. उजाडताना कड्याखालच्या पाइनच्या झाडीतून एक मोठा नर एल्क बाहेर आला. आर्डिसने नेम धरला. गोळी त्याच्या पाठीवरून गेली. दुसरीही गेली. बिथरलेला एल्क उतार सोडून वर्लिनच्या बाजूलाच धावत आला. गेल्या कित्येक मोसमांत वर्लिनची गोळी कुंपणाच्या खांबाशिवाय कशालाही लागली नव्हती. त्याने रायफल उचलली, दस्ता गालावर सणकन बसला, आणि डोळ्यांतलं पाणी पुसून बघतो तर एल्क बर्फात आडवा पडलेला.

एल्क सोलून, मांस घसरगाडीवर बांधून होईपर्यंत दोघं कामापुरतंच बोलली. ट्रककडे निघताना आर्डिस थांबली.

"डेलला रायफलीचं सांगितलंस?"

"संध्याकाळी सांगणार आहे."

"नको सांगूस." तिने त्याच्या खांद्यावरून जुनी रायफल काढून आपल्या खांद्याला लावली आणि नवी त्याच्या हातात दिली. "माझ्या बाबांची बंदूक आहे ती. अशी कोणालाही देऊन टाकतात होय?"

वर्लिनने सुजलेला गाल चोळला, नवी रायफल खांद्याला अडकवली आणि घसरगाडीचा दोर ओढायला घेतला.