मास्तरांची परवानगी आणि वुसित्से

"तुम्ही अजून वुसित्से पाहिला नाही? मी दाखवतो तुम्हाला!"

हे आपल्याच तोंडून निघालं, यावर त्सिमाहुरी मास्तरांचा विश्वास बसेना. सुआफारा रस्त्याकडेला तांदळाचे आप्पे विकायची. नवरा गेल्यापासून तिचं जग म्हणजे घर आणि चूल. आणि मास्तर रोज सकाळी गरजेपेक्षा जास्त आप्पे घेऊन, मनातला एक शब्दही न बोलता परत जायचे. आज बोलले ते एकदम उंदरावर!

वुसित्से हा उंदीर तरी साधा होता का? सशासारखे कान, कांगारूसारख्या उड्या. साऱ्या जगात तो फक्त मादागास्करात, आणि मादागास्करातही फक्त मेनाबेच्या या जंगलात. तो जोडीनं राहतो. नर गेला तर मादी बीळ सोडत नाही, दुसरा येईपर्यंत तिथंच थांबते. हे वाचलं त्या दिवशी मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बाहेर बघत बसले. वुसित्सेबद्दल छापलेली ओळ न् ओळ त्यांनी वाचली होती. तो पाहिला मात्र कधीच नव्हता.

दिवेलागणीला एकट्या बाईनं एकट्या पुरुषाबरोबर जंगलात जायचं कसं? म्हणून सुआफाराचा थोरला भाऊ तुंबू निघाला. तुंबू निघाला म्हणून त्याची बायको, ती निघाली म्हणून शेजारपाजार. मास्तर जंगलाच्या तोंडाशी पोचले तेव्हा चिंचेखाली अर्धं गाव भाताची पातेली घेऊन बसलेलं.

तुंबूनं रम आणि मध पुढे केला. "मास्तर, माणसं तुम्ही बोलावलीत. पूर्वजांकडे जंगलात शिरायची परवानगी तुम्हीच मागायची."

पूर्वजांपुढे भाषण करायचं तर आधी आपली नालायकी सांगायची, ही रीत. ती संपली की मागणं. आणि भाषण चालू असताना कुणी मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. पूर्वजांच्या त्या चिंचेकडे बोट दाखवायचं तर नावच नको.

चिंचेच्या बुंध्याशीच वुसित्सेचं बीळ होतं; मास्तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि सुरू झाले. मी वडीलधारा नाही, शहाणा नाही, माझी जीभ जड, माझा आवाज खुडूक कोंबडीचा. बाकीचे वक्ते हे दोन दमांत उरकतात. मास्तरांना ते मनापासून पटलेलं होतं! ते छपराच्या गळतीवर आले, करपलेल्या भातावर आले, शाळेत पोरं त्यांच्या तासाला झोपायची त्यावर आले. ऐकताना मोठी माणसंही पेंगू लागली. तुंबूनं दोनदा जांभई गिळली.

आणि अचानक सगळे चेहरे बदलले.

पेंगणारे ताठ झाले. तोंडं उघडी पडली. सुआफाराचे डोळे तर लकाकायलाच लागले. आपलं बोलणं कुणी इतकं जीव लावून ऐकलंय, असं त्यांच्या जन्मात घडलं नव्हतं. मास्तरांच्या छातीत कुठून तरी वारा भरला. त्यांनी पूर्वजांना सांगून टाकलं की जंगलाची परवानगी तर द्याच, पण या सुआफाराशी संसार मांडायची माझी इच्छा आहे, त्यालाही हो म्हणा.

"किती सुंदर," सुआफारा पुटपुटली.

मास्तरांना चिंचेला मिठी मारावीशी वाटली. रम ओतून ते वळले. मागे बिळाच्या तोंडाशी ताजी माती तेवढी दिसत होती.

"दोन होते, मास्तर," तुंबूची बायको म्हणाली. "तुमच्या टाचेशी येऊन बसले होते. सांगणार कसं? तुम्ही बोलत होता ना."

परतताना सगळे वुसित्सेबद्दलच बोलत होते. मास्तर खाली मान घालून चालत होते. तुंबू त्यांच्या जवळ आला. "शेवटचं मी ऐकलं," तो म्हणाला. "पण मास्तर, तुम्ही एवढे नालायक आहात हे पूर्वजांसमोर तुम्हीच शपथेवर सांगितलंत. मी बहीण कशी द्यावी? उद्या घरी या. बोलायला दुसरं कुणीतरी आणा."

"काय होतं शेवटचं?" सुआफारानं मागून विचारलं. तिनं भावाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या लाल झालेल्या कानांकडे, आणि तिला काय कळायचं ते कळलं. "त्या बोलणाऱ्याला म्हणावं, नालायकीपर्यंतचं मी सगळं ऐकलंय," ती म्हणाली. "तिथून पुढचं बोल."

दुसऱ्या कुणी इथं तिचा हात धरला असता. मास्तरांनी विचारलं, "कान खरंच सशाएवढे होते का हो?"

सुआफारा वाटेतच थांबली. डोक्यावरची टोपली तिनं खाली ठेवली, दोन्ही हात डोक्यावर उभे धरले आणि हळूच हलवून दाखवले.

मास्तरांनी मान वर केली आणि पोटभर पाहून घेतलं.