निरोपाचं भांडण

एखाद्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळाली की माणूस त्याला पेढा भरवतो, पाठीवर हात फिरवतो, फार तर त्याच्याबरोबर फोटो काढून घेतो. आमचे डीनसाहेब त्याच्याशी भांडत. तेही साधंसुधं नाही. पोराला घराबाहेर काढण्यापर्यंत, शेजारपाजारचे लोक अंगणात येऊन उभे राहतील असं. आणि शेजारचं पहिलं घर नेमकं माझं होतं.

डॉ. शिवहार मिठारे बीडच्या आमच्या कॉलेजात अर्थशास्त्राचे विभागप्रमुख. मूळचे नेकनूरचे, वडिलांचं तिथं किराणा दुकान. मी त्याच कॉलेजात भूगोल शिकवायचो. माणसांची नावं लक्षात ठेवणं त्यांना फिजूल वाटे, म्हणून ते सहकाऱ्यांना विषयाच्या नावानं हाक मारत. "काय भूगोल, मराठी कुठं गेली?" असं स्टाफरूमच्या दारातून ओरडत, आणि मराठीच्या बाई डबा झाकून निमूटपणे उठत. रुपयाचं अवमूल्यन झालं त्या साली त्यांना तो शब्द इतका आवडला की पुढं कित्येक वर्षं तो आम्हाला पुरला. चहा पातळ असला की चहाचं अवमूल्यन. मी दाढी न करता आलो की भूगोलाचं अवमूल्यन.

मग विद्यापीठानं त्यांना त्यांच्या विद्याशाखेचा अधिष्ठाता केलं. हा शब्द बीडमध्ये कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून ते डीन झाले. आता आमच्या भागात डीन म्हणजे सरकारी दवाखान्यातला सगळ्यांत मोठा डॉक्टर. पाटी लागल्याच्या दुसऱ्या दिवशीच एक म्हातारबा एक्स-रेची पिवळी पिशवी काखेत धरून दारात बसलेले. "साहेब, तेवढी एक खाट बघा की." डीनसाहेब कडाडले, "मी पुस्तकाचा डीन हाय, पोटाचा न्हाई!" म्हातारबांना फरक पडला नाही. ते बसूनच राहिले. शेवटी साहेबांनी बूट चढवले, त्यांना दवाखान्यात घेऊन गेले आणि सोबत मलाही नेलं. मी कशाला, हे मी विचारलं. "तू नकाशे वाचतो ना? मग एक्स-रे धर," असं उत्तर मिळालं.

त्यांना वेड एकच. गावोगावची हुशार पोरं हुडकायची, पदवी झाली की पुण्या-दिल्लीच्या शिष्यवृत्त्यांना बसवायची आणि बाहेर धाडायची. त्या काळात आमच्याकडं आईबापांच्या डोळ्यांपुढं एकच स्वप्न होतं, डीएड. डीएड केलं की मास्तर, मास्तर झालं की पगार, पगार आला की मुलगी. डीनसाहेब हे स्वप्न मोडायला दर रविवारी निघत आणि माझाही रविवार सोबत मोडत. एसटीनं जायचं, कुणाच्या तरी ओट्यावर बसायचं, गुळाचा चहा प्यायचा आणि बापाशी वाद घालायचा.

"देशाचं दार उघडलंय म्हणत्यात," ते बापाला म्हणत. "मग आपल्या पोरानं आत जाऊन बघायचं, का भाईरच लोकांच्या चपला सांभाळायच्या?"

बाप माझ्याकडं बघे. मी चहाकडं बघे.

एवढं करून पोरगं तयार करायचं, रात्रंदिवस त्याला घासायचं, मुलाखतीचा सराव घ्यायचा, आणि ते निवडलं गेलं की भांडायचं! आष्टीचा बाळासाहेब दिल्लीला निवडला गेला तेव्हा पेढे घेऊन आला. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि गरजले, "कावून बे, शिळा पेढा देतो? हीच किंमत व्हय माझी?" पेढा ताजा होता, मी खाल्ला होता. पोरगं रडकुंडीला येऊन शपथा घेऊ लागलं. साहेबांनी पुडा त्याच्या हातात कोंबला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या एकाशी ते सायकलच्या पंपावरून भांडले. तिसऱ्यावर आरोप होता की तो जांभई देताना तोंडावर हात धरत नाही.

ही जखमी पोरं तिथून सरळ आमच्या घरी येत. माझी बायको त्यांना बसवी, चहा करी, समजूत घाली. "भांडायचं त्यांनी आणि साखर जायची आपली," असं ती मला ऐकवे. एकदा तर कहर झाला. साहेब सकाळी सकाळी माझ्याकडं आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "भूगोल, तो गेवराईचा पोरगा उद्या चाललाय. लई गुणाचं हाय, कायी सापडंना. तुझं त्याच्याशी कदी बिनसलंय का? आसंल तर दे." भांडणाचं कारण उसनं मागायला आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी कारण दिलं नाही. त्यांनी त्याच्या केसांच्या भांगावर भागवलं. ते पोर पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही म्हणून ओरडत गेलं आणि माझं डोकं फिरलं.

मी तडक त्यांच्या पडवीत गेलो. "सर, हे काय चालवलंय? चार वर्षं पोरासारखं सांभाळता आणि शेवटच्या दिवशी असे वागता. लाज वाटते मला शेजारी राहायची!"

ते चिडले नाहीत. शेंगा फोडत होते, त्यातल्या चार माझ्यापुढं सरकवल्या.

"नेकनूरचा दिगू माझा पयला," ते म्हणाले. "दिल्लीला लागला तवा आख्खं गाव स्टँडवर आलतं. हलगी लावलती. त्याची आई रडली, बाप रडला, मी त्याच्या गळ्यात पडून रडलो. आठ दिवसांत परत आलं पोरगं. म्हणलं, सर, करमंना."

"मग?"

"मग काय? मला लई बरं वाटलं, भूगोल. दोन थोबाडीत देऊन माघारी धाडायचं, तर मी त्याला जेवू घातलं. तिकडची जागा गेली ती गेली. आता माझ्याच बापाच्या दुकानात पुड्या बांधतंय. मी दिसलो की तोंडभरून रामराम घालतंय. त्ये सोसत न्हाई मला." त्यांनी टरफलं गोळा केली. "रडत गेलेलं पोरगं माघारी येतंय. रागानं गेलेलं टिकतंय."

"आणि तुम्हाला कुणी पत्र लिहीत नाही, दिवाळीला दारात येत नाही, त्याचं काय?"

"फिजूल बात," ते म्हणाले. टरफलं टाकायला उठताना विचारलं, "त्या बाळासाहेबाचं कायी कळलं का? तिकडं थंडी लई आसती म्हणं."

मला त्यांची कीव आली आणि रागही तेवढाच आला. असल्या हुशारीला काय म्हणावं? हे सगळं मी फक्त बायकोला सांगितलं.

पुढं शोभा आली. तिचे वडील आष्टीच्या बाजारात बांगड्या विकत. ती बीडला मावशीकडं राहून शिकत होती आणि दिवसभर साहेबांच्या पडवीत अभ्यासाला बसे. साहेबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज असा नव्हताच. शोभा आली आणि त्या घराला शिस्त लागली. साहेब जेवणाऐवजी चिवडा खात बसले की ती पुस्तकातून मान वर न करता म्हणे, "सर, फिजूल बात करू नका. भाकरी झाकून ठेवलीय, जेवा." आणि ते जेवत! विद्यापीठाच्या सभेत भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस या पोरीपुढं मुकाट ताट घेऊन बसे.

तिला दिल्लीला एम.ए.ची शिष्यवृत्ती मिळाली. वडिलांनी हो म्हटलं, पण एका अटीवर. "करमलं न्हाई म्हणून एकदा जरी माघारी आली, तर पुन्ना धाडणार न्हाई. पाहुणे बघून ठिवलेत." म्हणजे या खेपेला पोरगी टिकलीच पाहिजे होती. साहेबांनी कंबर कसली.

पण शोभा भांडेचना. अक्षर घाण आहे म्हणाले, तर "व्हय सर, सुधारते." लोणचं खारट केलंस म्हणून ताट सरकवलं, तर तिनं चाखून बघितलं आणि म्हणाली, "खरंच खारट झालंय." साहेब हवालदिल झाले. जायच्या दिवशी सकाळी मला ओढतच स्टँडवर घेऊन गेले. एरवी ते कुणाला सोडायला जात नसत. "भांडण ऱ्हायलंय," एवढंच म्हणाले.

नगरची गाडी लागली होती. शोभाचे वडील टपावर ट्रंक चढवत होते. साहेबांनी भर स्टँडवर आवाज चढवला, "तुझं इंग्रजी कच्चं हाय! हसतील तुला तिथं! आन् पुन्ना माझ्या दारात पाऊल टाकायचं न्हाई, सांगून ठिवतो!" कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

शोभानं पिशवी खाली ठेवली.

"सर, पुरं करा. बाळासाहेबदादानं मला समदं सांगितलंय. तिकडं गेलेल्या समद्यांना ठाव हाय."

बाळासाहेबाला कुणी सांगितलं, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. सुट्टीत गावी आली की ती पोरं माझ्या बायकोला भेटून जात. आमच्या घरी त्यांना नुसता चहा मिळत नव्हता तर.

"तुमाला रडायचं आसंल तर रडा खुशाल," ती म्हणाली. "मीबी रडणार हाय, पार नगरपस्तोर. पण माघारी येणार न्हाई."

ती पाया पडली. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डीनसाहेब बीडच्या स्टँडवर, लोकांदेखत, हुंदके देऊन रडले. शोभाही रडली. कंडक्टरनं बेल दिली, गाडी गेली.

"चला सर," मी म्हणालो. "मला तास आहे."

ते बाकड्यावर बसले. "थांब. वाटंत उतरली, तर उलट्या गाडीनं यील."

मी चिडून काही बोलणार होतो, पण बसलो. नगरकडून एक गाडी आली. साहेब उठून दारापाशी गेले आणि उतरणारं प्रत्येक माणूस त्यांनी न्याहाळलं. मग दुसरी आली. शोभा यावी असं त्यांना वाटत होतं की येऊ नये असं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला काही केल्या कळेना. माझा तास केव्हाच होऊन गेला. तिसरी गाडी रिकामी झाली, तेव्हा ते परत येऊन माझ्याशेजारी बसले.

"न्हाई आली," ते म्हणाले.

"चांगलंच झालं की सर."

"चांगलंच झालं. मी कुठं वाईट म्हणलो?" असं म्हणून त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, आणि पुढची गाडी किती वाजता आहे ते चौकशीच्या खिडकीवर विचारून यायला मला सांगितलं.