सरुबाईची बरणी आणि भिमाजीची बीअर

बायकोला न विचारता तिच्या माहेरच्या बरणीला हात लावू नये, एवढी साधी अक्कल बसऱ्याच्या लढाईवरून बिल्ला मिळवून आलेल्या माणसाला नसावी? नव्हती. कुरवंड्याच्या भिमाजी हवालदाराने एके सकाळी ठरवलं की आपण घरी बीअर करायची, आणि ती सरुबाईच्या लोणच्याच्या बरणीतच करायची. पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

आता कुरवंड्यासारख्या गावात, जिथं पाहुणा आला तरच चहा व्हायचा, तिथं बीअर कशाला? असं सरुबाईनेही विचारलं होतं. त्याचं कारण होतं हॉकिन्ससाहेब. भिमाजीच्या पलटणीचा हा जुना कप्तान आता लोणावळ्यात बंगला घेऊन राहिला होता आणि त्याला चौकीदार हवा होता. चौकीदाराला मिळणार होता खाकी डगला आणि पितळी बिल्ल्याचा पट्टा. भिमाजीचा जीव त्या पट्ट्यात अडकला होता. पलटणीत अख्ख्या तुकडीला उजवीकडे-डावीकडे वळवणारा हा गडी लढाई संपल्यापासून सरुबाई सांगेल त्या खाचरात चिखल तुडवत होता! हे काय हवालदाराचं जिणं झालं?

म्हणून लोणावळा स्टेशनावर साहेब भेटला तेव्हा भिमाजी बोलून बसला, "सायेब, बसऱ्याला तो टॉमी बीर बनाता था ना, हमने उससे समदं शिक लिया. हमारे घरकू आव, पिलाता!"

साहेब मिशीत हसला. "अच्छा बना टो पट्टा टुमारा," तो म्हणाला.

झालं. भिमाजीने जव भिजवून मोड आणले, वाळवले, भरडले. पुण्याच्या क्यांपातून हॉप्स नावाचा कडू पाला आणला, लोणावळ्याच्या पाववाल्याकडून खमीर आणलं. सगळं उकळून, निववून बरणीत भरलं. पहिली खेप तयार झाली ती चाखायला त्याने चुलतभावाला बोलावलं. अंबाजी हा गावचा पोलीस पाटील. (घरगुती दारूवर नजर ठेवणं हे त्याचं सरकारी काम. त्याने आधी नजर ठेवली, मग तोंड लावलं.)

तोंड लावलं आणि त्याचा एक डोळा मिटला तो बराच वेळ उघडेना.

"भिमा," तो शेवटी म्हणाला, "ह्याला लसणाची फोडनी दे. सार बरं हुईल."

भिमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॉमीचा, म्हणजे बसऱ्याच्या त्या गोऱ्या शिपायाचा, पहिला धडा त्याला तोंडपाठ होता : बीअर दाण्याने होत नाही, भांडं घासल्याने होते. भांड्यात मागची घाण जरा जरी राहिली, तरी बीअर आंबलीच म्हणून समजा. म्हणजे दोष बरणीचा! (स्वतःचा दोष हा शब्द पलटणीत शिकवत नाहीत.) तो तसाच तरातरा चुलीपाशी गेला.

"तुज्या बरनीनं घात केला! लोनच्याचा वास मुरलाय तिच्यात. घान भांडं निस्तं!"

सरुबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

"काय म्हनला? घान? माज्या आईनं दिल्याली बरनी ती! इतकी वर्सं लोनचं घालतीया, कंदी बुरशी धरली न्हाई. तुमच्या त्या आंबूस पान्यानं तिचं वाटुळं केलं, आन वर तीच घान? बरं हाय की! चोराच्या उलट्या बोंबा!"

"बीर तुला काय कळती?"

"बीर न्हाई कळत. घान कळती."

भिमाजीने तडक पलटणीच्या शिस्तीत बरणी धुवायला काढली. उकळतं पाणी झालं, धुण्याचा सोडा झाला, तरी त्याचं मन भरेना. मग त्याने अंबाजीकडून पटकीच्या साथीत सरकार विहिरीत टाकतं ते जांभळं औषध आणलं आणि चिमूटभर टाकायच्या जागी मूठभर टाकलं. पाणी जांभळं झालं, पांढरी बरणी तपकिरी झाली, आणि भिमाजीचे हात कोपरापर्यंत असे रंगले की गावातली पोरं त्याला रंगारी म्हणायला लागली. बीअर भरायला आणलेल्या बाटल्यांचीही तीच गत.

"आता ही बरनी नवं ताजं खमीर आनस्तवर हितंच ऱ्हाईल," त्याने हुकूम सोडला. "कुनी हात लावला तर गाठ माज्याशी हाय!" आणि तो लोणावळ्याला गेला.

परत आला तो दारातच थबकला. बरणी दुधासारखी पांढरीशुभ्र! बाटल्या उन्हात लखलखताहेत! एक डाग म्हणून नाही.

"बघ! म्हनलं न्हवतं?" तो गरजला. "औषधाचा गुन यायला जरा येळ लागतो. येरागबाळ्याचं काम न्हाई हे!"

सरुबाई पदरात हसली आणि काही बोलली नाही. बायको बोलत नाही तेव्हा शहाण्या माणसाने घाबरावं, पण भिमाजीला वाटलं आपण जिंकलो. घरात हिंगाचा घमघमाट सुटला होता.

"आज कढी हाय जनू?"

"तसंच समजा," ती म्हणाली. जेवायला मात्र पिठलं आलं.

दुसरी खेप बरणीत गेली, मुरली, बाटल्यांत भरली गेली. ठरल्या दिवशी हॉकिन्ससाहेब मडमेला घेऊन टांग्याने आला. भिमाजीने जुना लष्करी कोट चढवला होता, अंबाजीने पागोटं. अंगणात बाजेवर गोधडी अंथरून साहेबाला बसवलं. भिमाजीने बाटली उघडली, फेस कसा फसफस वर आला! भिमाजीची छाती त्याहून वर आली. साहेबाने मोठा घोट घेतला.

आणि पेला उन्हाकडे धरून आत पाहिलं. डोळे बारीक झाले, मिशी थरथरली.

"भिमाजी," तो हळूच म्हणाला, "ये क्या हय?"

भिमाजीने घाईघाईने दुसरी बाटली तोंडाला लावली आणि त्याला घाम फुटला. हिंग! निव्वळ, अस्सल, फोडणीचा हिंग!

"सरे! काय केलंस तू?"

"काय म्हंजी?" सरुबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "तुमीच म्हनला ना, घान हाय? मग राखंनं घासली, तुमचं डाग चिच्चनं काढलं, उनात वाळवली, आन निखाऱ्यावर हिंग टाकून वर पालथी घातली. बाटल्या बी एकूनएक. धुरी दिल्याबिगर बरनी भरत्यात व्हय कुटं? लोनचं नासंल न्हाई तर काय!"

"अगं, लोनचं घालायचं न्हवतं! बीर व्हती ती! बीर!"

"नासली का?"

"न्हाई, पर—"

"मग वरडता कशाला?"

आता मात्र भिमाजीचा तोल सुटला. अहो, सुटणार नाही तर काय! हातातोंडाशी आलेला पट्टा एका चिमूटभर हिंगाने जात होता. तो साहेबापुढे ताठ उभा राहिला आणि ओरडला, "सायेब! इसमें हमारा कायपन हात न्हाई! समदं इसने किया! बरनी इसकी, घासनं इसका, हिंग इसका! खोटं वाटता तो इस पाटील को पूछो, सरकारी मानूस हय!"

"व्हय सायेब," अंबाजीने पागोटं सावरत साक्ष दिली. "भिमाजीनं निस्तं डाग पाडलं. बाकी समदं वैनीनं केलं."

"सुना? हम बिलकुल बेकसूर हय!"

साहेबाचं लक्षच नव्हतं. त्याने एक हात पोटावर ठेवला होता, आणि चेहऱ्यावर कसलीतरी वाट पाहत असल्याचा भाव होता. मग आली ती ढेकर! अशी ढेकर की नागफणीच्या कड्यावरून तिचा प्रतिध्वनी परत आला आणि टांग्याचं घोडं बुजलं.

मडम टाळ्या पिटत उभीच राहिली. बसऱ्याच्या पाण्याने साहेबाच्या पोटात जो वारा धरला होता, त्यापुढे मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि इथं एका घोटात पोट मोकळं! साहेबाने आपल्या हाताने दुसरा पेला भरला, प्याला, ढेकर दिली. लहान मुलासारखा हसला.

"वाहवा! किसने बनाया?"

"हमने!" भिमाजी पुढे उडी मारून म्हणाला. "म्हंजे सायेब, दाना हमारा, पाला हमारा, खमीर बी हमनेच—"

"नो, नो," मडमेने बोट हलवलं. "टुम बोला, सब इसने किया. पाटील भी बोला." मग तिने ती पांढरीशुभ्र बरणी आतून-बाहेरून न्याहाळली, आणि साहेबाच्या कानाशी लागली.

आणि सांगतो काय, बंगल्याच्या किल्ल्या सरुबाईला मिळाल्या! ज्याच्याकडे किल्ल्या त्याच्याकडे फाटक, आणि ज्याच्याकडे फाटक त्याच्याकडे पट्टा, असा मडमेचा हिशोब. भिमाजीने थयथयाट केला, अंबाजीशी बोलणं टाकलं, एक वेळ जेवला नाही. (दुसऱ्या वेळी भूक लागली.) लढाईवर कोण गेलं होतं? बंदूक कोणी धरली होती? बाईमाणूस चौकीदार, असं कुठं ऐकलंय? आणि घरची चूल आता काय हवालदाराने फुंकायची? साहेबाला समोरासमोर विचारायचंच म्हणून एक दिवस तो तणतणत लोणावळ्याला गेला.

बंगल्याच्या फाटकात सरुबाई उभी होती. लुगड्यावर खाकी डगला, कमरेला पट्टा, आणि बिल्ला असा घासलेला की डोळे दिपावेत.

"थांबा," ती म्हणाली. "कोन हाय? काम काय?"

बोलायचं तर भिमाजीला पुष्कळ होतं. सगळं रस्ताभर पाठ केलेलं होतं. पण तो बिल्ला पाहिला मात्र, त्याच्या टाचा आपोआप जुळल्या, हात कपाळाला गेला, आणि तोंडातून निघालं,

"जी, आमटीत मीठ किती घालायचं, तेवढं इचारायचं व्हतं."