फागोजींचा तांब्या

फागोजी आमच्या घरी पहिल्यांदा आले ते वास्तुपूजेला. मी त्यांना तांब्याभर पाणी दिलं. ते प्यायचं सोडून त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून सगळं फरशीवर ओतलं. भर पाहुण्यांत! पाणी निघालं ते थेट देवघराकडे, माझी रांगोळी सोबत घेऊन.

"सुनबाई, उतार देवाकडं हाये," ते शांतपणे म्हणाले. "पाण्याले रस्ता ठेवा बाप्पा. नाही ठेवला तं ते आपला करून घेते."

माझं डोकं असं सणकलं, की पंगतीत त्यांच्या पानात मी लाडू वाढलाच नाही.

शेजारी म्हटल्यावर पुढे सवय झाली. फागोजी मूळचे सिहोऱ्याचे, तुमसरच्या राईस मिलमधून निवृत्त झालेले. कुणाच्याही दारी जाताना तांब्या हातात. ते दिसले की मी आधी चटई गुंडाळायची.

माझ्या पुतणीला समुद्राकाठच्या शहरातलं स्थळ आलं तेव्हा तर त्यांनी कहरच केला. मुलगा चांगला, नोकरी पक्की, घरचा फ्लॅट. फागोजी मध्येच म्हणाले, "फ्लॅटच्या पहिले तिथं काय होतं?"

"खाडी होती. भराव टाकलाय," मुलाचे वडील ऐटीत म्हणाले.

"म्हंजे तुमी तलावाच्या पोटात राहून राहिले! भरती अन् पाऊस संगंच आले तं पाणी जाईन कुठं?"

पोहे तसेच राहिले, आणि स्थळही गेलं. सगळी गल्ली हसली. समुद्र कुठे, भंडारा जिल्हा कुठे, आणि या म्हाताऱ्याला घोर कशाचा! मी तणतणत मामींकडे, म्हणजे त्यांच्या बायकोकडे गेले.

मामी तांदूळ निवडत होत्या. "आमची वनिता तशाच शहरात दिली होती," त्या म्हणाल्या. "जावई तिसऱ्या मजल्यावर घर पाहून राहिले होते. हेच आडवे आले. पोरीले अंगण पायजे, तुळस कुठं लावन, वड्या कुठं वाळू घालन? तळमजलाच घ्यायले लावला, खाडीच्या काठी."

मग एका पावसाळ्यात भरती आणि पाऊस एकाच वेळी आले. जावई कामावर होते. वनिता घरात एकटीच होती. पाण्याच्या दाबाने दार उघडलंच नाही.

मामींनी पुन्हा सुपाकडे मान वळवली. मला तिथून उठवेना.

परवा फागोजी आमच्या अंगणात बसले असताना जावयांचा फोन आला, त्यांनी तो स्पीकरवर घेतला. समुद्र चढतोय म्हणून शहराचा नवा आराखडा झाला होता. खाडीकाठची ती सगळी गल्ली उठवून माणसांना उंचावर घरं देणार होते. जावई रडत होते. "बाबा, वनिताचं घर पाडून राहिले हो."

"तिथं मंग कोनी घर तं नाही बांधणार ना?"

"नाही बाबा. ती जागा पाण्यासाठी मोकळीच ठेवणार. झाडं लावणार फक्त."

फोन बंद झाला. फागोजींनी तो खिशात ठेवला. मग तांब्या घेऊन उठले. या वेळी मी चटई गुंडाळली नाही. ओता म्हटलं, कुठे ओतायचं तिथे ओता.

त्यांनी फरशीवर थेंबही सांडला नाही. आमच्या तुळशीपाशी गेले, वाकले, आणि हळूहळू सगळं पाणी तिच्या मुळाशी घातलं.

"घे माय," ते म्हणाले, "भेटलं तुले अंगण."