शेपटीची खुंटी

चिन्मय, सई, परवा फोनवर सगळ्यात मोठा डायनासोर कोणता यावरून तुम्ही भांडलात आणि शेवटी "आजीला विचारू" म्हणालात. उत्तर मला येत नाही. पण ते शोधणारे माने आमच्या शेजारी राहायचे, म्हणून हे लिहायला बसले.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नेरूळमध्ये इमारती कमी, मोकळे प्लॉट जास्त. माने नोकरीत प्लॉटची मोजणी करायचे आणि रविवारी समोरच्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने डायनासोर आखायचे, अगदी खऱ्या मापाचा. खाडीवरून धुकं आलं की त्याची मान त्यात बुडायची आणि तो चरायला निघाल्यासारखा वाटायचा. आमचे पापड त्याच्या पोटात वाळायचे. दूधवाला पत्ता सांगायचा, "शेपटीसमोरची बिल्डिंग."

इंग्रजी मासिकं वाचून सांगायचं काम माझ्याकडे.

"वहिनी, लांबी किती?"

"ऐंशी फूट असावी. शेपटीची हाडं पुरती मिळालेली नाहीत."

"असावी म्हणजे? मी खुंटी कुठे ठोकू?"

खुंटी ठोकल्याशिवाय माने कशालाच पुरं म्हणत नसत. पुढच्या मासिकात आणखी मोठं हाड निघायचं. माने मुकाट्याने झाडू घेऊन जुना डायनासोर पुसायचे. तुमचे आजोबा गॅलरीतून विचारायचे, "माने, एवढा वाढतोय, खायला काय घालता हो?"

एकदा मी वैतागले. "कोणता का मोठा असेना! तुमचं काय अडलंय?"

माने फक्की चाळत राहिले. मग म्हणाले, "मंदाचं अडलंय."

मंदा त्यांची मुलगी. बायको गेल्यावर त्यांनी तिला सांगलीला आत्याकडे ठेवलं होतं. निघताना ती रडायला लागली, तेव्हा म्हणाले होते, "सगळ्यात मोठा डायनासोर आखतो. पुरा झाला की तुला न्यायला येतो." त्याला दोन वर्षं झाली होती.

"अर्धवट दाखवला तर म्हणेल, बाबा खोटं बोलले."

"आणि न्यायला गेलातच नाही, तर काय म्हणेल?"

मान्यांनी चाळणी खाली ठेवली.

नाताळच्या सुट्टीत एका सकाळी धुक्यातून एक मुलगी पळत येताना दिसली. हातात दोरीचं टोक. मागे माने, दोरी सोडत. ऐंशी फूट झाले, शंभर झाले. ती रस्ता ओलांडून आमच्या फाटकातून आत शिरली, धापा टाकत थांबली आणि ओरडली, "बाबा, इथे!"

मान्यांनी मला मासिकाचं विचारलं नाही. तिथेच खुंटी ठोकली.

मंदा परत सांगलीला गेली नाही. पुढे त्या प्लॉटवर सात मजले उभे राहिले. ती लोखंडी खुंटी मात्र अजून आमच्या फाटकाच्या आत आहे. माळी तिला पाण्याची नळी गुंडाळून ठेवतो.